सीमाप्रश्नावरचा तटस्थ संदर्भ : असतो का, आणि ओळखायचा कसा?

वाचनालयवाला

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी आम्ही दरमहा एक माहितीपत्रक काढतो. पुढचे पत्रक महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर, म्हणजे कर्नाटकातले बेळगाव आणि आसपासचा मराठी भाषक भाग कोणत्या राज्यात असावा या वादावर, आहे आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. चार पानांचा मजकूर, त्यात काय अवघड, असे वाटले होते. संदर्भ गोळा करू लागल्यावर मात्र गाडी अडली. मराठी दैनिकांच्या जुन्या पुरवण्या, विकिपीडियावरचे मराठी व इंग्रजी लेख आणि कर्नाटकात छापलेली एक इंग्रजी पुस्तिका समोर ठेवली, तर खोटे असे कोणीच फारसे लिहिलेले नाही, पण प्रत्येकाने आपल्याला सोयीचे तेवढेच उचललेले आहे.

उदाहरण महाजन आयोगाचेच घ्या, म्हणजे हा वाद सोडवण्यासाठी केंद्र सरकारने १९६६ साली नेमलेल्या आयोगाचे. मराठी लेखांत 'आयोगाने बेळगाव नाकारून महाराष्ट्रावर अन्याय केला' या वाक्यावर विषय संपतो. पुस्तिकेत 'आयोगाचा निर्णय महाराष्ट्राने मान्य केला नाही' एवढेच आहे. आयोगाने नेमकी काय शिफारस केली होती, हे दोन्हीकडे तळटीपेतसुद्धा नाही. आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत या भागांतील २४७ गावे त्या वेळच्या म्हैसूर राज्याला द्यावीत असे सुचवले होते, हे दोन्ही आकडे एकाच पानावर मिळवण्यासाठी मला बरीच शोधाशोध करावी लागली.

प्रश्न असा की, वादग्रस्त राजकीय विषयावर तटस्थ संदर्भ नावाची वस्तू अस्तित्वात असते का? असल्यास ती कशावरून ओळखावी? आपले अनुभव लिहावेत. बेळगाव लिहावे की बेळगावी, हा वाद कृपया या धाग्यावर आणू नये. त्यासाठी इथे आधीच तीन धागे आहेत आणि तिन्हींना कुलूप लागलेले आहे.

निपाणीकर

प्रश्नच मला पटलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्हाला न विचारता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात ढकलले गेले. ज्याच्या घरावरून हा वाद चालला आहे त्याला तुम्ही 'दोन्ही बाजू' शिकवणार का? तटस्थ राहणे म्हणजे आहे ती स्थिती मान्य करणे, आणि आहे ती स्थिती कर्नाटकाच्या सोयीची आहे. तुमच्या पत्रकात आमची बाजू ठळक येणार नसेल, तर ते न निघालेले बरे.

आकडेमोड

निपाणीकर, आपल्या भावनेबद्दल पूर्ण आदर ठेवून एक विचारतो. आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असेच म्हटले होते. कर्नाटक तो अहवाल मान्य आहे असे सांगत आले आहे. नाकारला तो महाराष्ट्राने, कारण त्यात बेळगाव शहर नव्हते. म्हणजे ज्या अहवालात आपले गाव महाराष्ट्रात येत होते, तो आपल्याच बाजूने फेटाळला गेला. हा तपशील आपल्या परिसरातल्या किती मुलांना ठाऊक असेल? मराठी लेखांत तो क्वचितच दिसतो, आणि माझ्या मते तटस्थतेची खरी परीक्षा याच ठिकाणी होते.

निपाणीकर

ठाऊक आहे साहेब, आम्हाला सगळे ठाऊक आहे. बेळगाव सोडून निपाणी घेतली असती तर उरलेल्या मराठी माणसांच्या तोंडाला पाने पुसल्यासारखे झाले असते, म्हणून अहवाल नाकारला. हे कारणही पत्रकात येऊ द्या. नुसते 'फेटाळला' लिहिलेत तर आम्ही आडमुठे ठरतो.

आकडेमोड

हे मान्य. कारणासह लिहावे.

शंकेखोर

या चर्चेत निघालेले गमतीचे एक निरीक्षण. आमच्या ओळखीतल्या अनेकांचा समज असा आहे की 'महाजन' म्हणजे कोणी मराठी न्यायाधीश असणार आणि आपल्याच माणसाने आपला घात केला. मेहरचंद महाजन हे पंजाबी होते, भारताचे माजी सरन्यायाधीश होते, आणि १९४७ साली जम्मू-काश्मीरच्या सामिलीकरणाच्या वेळी त्या संस्थानाचे पंतप्रधान होते. आडनावावरून तटस्थता ठरवण्याची आपली सवय एवढी पक्की आहे की इथे तिने माणूसच चुकीचा पकडला.

शहापूरची

मी बेळगावातच राहते, शिक्षण मराठी माध्यमात झाले, नोकरी कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर करते, त्यामुळे दोन्हीकडची वर्तमानपत्रे घरात येतात. ज्यांना माध्यमांचा कल म्हणजे काय हे पाहायचे असेल त्यांनी २ नोव्हेंबरचे अंक शेजारी ठेवून पाहावेत. आदल्या दिवशी शहरात दोन मोठे कार्यक्रम झालेले असतात. एकीकडे बेळगाव महाराष्ट्रात यावे म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन, त्याची सायकल फेरी. दुसरीकडे कन्नड राज्योत्सवाची, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनाची मिरवणूक, लाल-पिवळे ध्वज, राणी चन्नम्मा चौकातली गर्दी. मराठी अंकाच्या पहिल्या पानावर काळे कपडे घातलेल्या तरुणांचे आडवे छायाचित्र, आणि आत कोपऱ्यात 'राज्योत्सव साजरा' अशी चार ओळींची बातमी. कन्नड अंकात नेमके उलट. आणि दोन्ही छायाचित्रे गर्दी जिथे दाट होती तिथूनच घेतलेली असतात. एकाही अंकात खोटे काही छापलेले नसते. तरीही बंगळूरमध्ये बसलेल्या माणसाला वाटेल की काळा दिन पाळणारे शंभरभर असतील, आणि पुण्यातल्या माणसाला वाटेल की बेळगावात राज्योत्सव होतच नाही.

माझ्या ऑफिसातल्या सहकारी बाईंना मी एकदा आमच्या अंकातले पान दाखवले. त्या म्हणाल्या, "एवढी माणसं खरंच होती?" हाच प्रश्न मला त्यांचे पान पाहून पडला होता.

जुना_बातमीदार

शहापूरच्या ताईंनी लिहिलेले अगदी खरे आहे, पण पत्रकारांच्या बाजूने दोन शब्द. मराठी वृत्तपत्रसृष्टी तटस्थतेच्या पायावर उभी राहिलेलीच नाही. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. टिळकांशी मतभेद झाल्यावर १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढले. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर दोन्ही पत्रे एकमेकांच्या विरोधात उभी होती आणि वाचकाला ते पुरते ठाऊक होते. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, ते इतर पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागाच नव्हती म्हणून. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांनी १९५६ साली 'मराठा' काढला, तो काय दोन्ही बाजू मांडण्यासाठी?

माझी हरकत उघड पक्ष घेणाऱ्या पत्राला नाही. तटस्थतेचा अंगरखा घालून विकल्या जाणाऱ्या मजकुराला आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या, एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या दैनिकांत अक्षरशः तोच मजकूर बातमी म्हणून, वेगळ्या नावांनी छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ते प्रकरण बाहेर काढले आणि भारतीय पत्रपरिषदेच्या उपसमितीने त्यावर २०१० साली सविस्तर अहवालही दिला. हा विचारसरणीचा कल नव्हे, हा दरपत्रकाचा कल. संदर्भ म्हणून जुनी कात्रणे वापरताना मी हल्ली पहिल्यांदा हे पाहतो की तो मजकूर निवडणुकीच्या तोंडावरचा आहे का.

मडगांवचो

सीमाप्रश्नाला समांतर असलेले एक उदाहरण गोव्यातून देतो, कारण तिथे दोन्ही बाजू एकाच भाषेत लढल्या. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. प्रश्न असा होता की गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश राहावा. विलीनीकरणाच्या बाजूला फूल आणि संघप्रदेशाच्या बाजूला दोन पाने, अशी चिन्हे होती. 'गोमन्तक' हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने होते. विरोधकांच्या लक्षात आले की मराठी वाचणाऱ्या हिंदू मतदाराशी मराठीतच बोलायला हवे, म्हणून मडगावहून 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक काढले गेले आणि त्यात उदय भेंब्रे यांनी 'ब्रह्मास्त्र' हे सदर चालवले. म्हणजे महाराष्ट्रात जायला नको, हे गोमंतकीयांना पटवून दिले ते मराठीने. निकाल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा लागला. फरक ३४,०२१ मतांचा.

आता या विषयावर मुंबईत लिहिलेला लेख उघडा. त्यात विलीनीकरणाच्या पराभवाचे कारण 'ख्रिस्ती मतदारांनी एकगठ्ठा विरोध केला' असे दिसते. गोव्यात लिहिलेला लेख उघडा, तिथे 'गोव्याच्या अस्मितेचा विजय' असे. पहिल्यात राष्ट्रमत नाही, दुसऱ्यात ती १,३८,१७० माणसे नाहीत. गोव्यात तेव्हा जवळजवळ ४४ टक्के मतदारांना महाराष्ट्र हवा होता, हे आजचा गोमंतकीय विद्यार्थी सहसा वाचतच नाही. वाचनालयवाले, तुमच्या पत्रकाला हीच कसोटी लावा : हरलेल्या बाजूची माणसे त्यात दिसतात का?

शंकेखोर

मडगांवकर, हे वाचून आमच्या मुंबईकर काकांना झोप लागणार नाही. ते अजूनही 'गोवा थोडक्यात हुकला' म्हणतात.

संपादनेच्छुक

मी विकिपीडियावर बऱ्याच काळापासून संपादन करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तिथल्या धोरणात 'निष्पक्ष दृष्टिकोन' म्हणजे लेखकाला मत नसणे, असे कोठेही म्हटलेले नाही. विश्वसनीय स्रोतांत जी मते आढळतात ती ज्या प्रमाणात आढळतात त्या प्रमाणात, कोणाचे मत आहे हे सांगून मांडावीत, एवढाच त्याचा अर्थ. 'अन्याय झाला' असे विकिपीडिया स्वतःच्या तोंडाने म्हणत नाही. 'अन्याय झाला अशी महाराष्ट्र शासनाची भूमिका आहे' असे म्हणते. निपाणीकरांना हा फरक मिळमिळीत वाटेल, पण दुसऱ्या वाक्याला कर्नाटकाचा संपादकही हात लावत नाही, कारण ते खरे आहे हे त्यालाही मान्य असते.

अर्थात हे कागदावर. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, परंतु तिथे नियमितपणे लिहिणारी माणसे थोडी आहेत. इंग्रजीत एखाद्या वाक्यावर दोन्ही बाजूंचे लोक महिनोन्महिने वाद घालतात आणि त्या घर्षणातून वाक्य गुळगुळीत होते. मराठीत सीमाप्रश्नावर भांडायला कन्नड भाषक येतच नाही, आणि कन्नड विकिपीडियावर आपण जात नाही. म्हणून त्या त्या भाषेतला लेख त्या त्या भाषेच्या बाजूला कलतो. यात कट नाही. समोर कोणी नसते एवढेच.

लेख वाचण्याआधी मी दोन गोष्टी पाहतो. 'इतिहास' या कळीवर जाऊन कोणते वाक्य किती वेळा काढले आणि परत घातले गेले ते पाहावे, आणि चर्चापान उघडावे. ज्या वाक्यावर सर्वांत जास्त भांडण झाले आहे तिथेच वादाचा गाभा असतो, आणि छापील ग्रंथात ही सोय नसते.

आकडेमोड

वरील म्हणण्याला संशोधनाचा आधार आहे. शेन ग्रीनस्टीन आणि फेंग झू या दोन अभ्यासकांनी अमेरिकी राजकारणावरचे विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतले जवळपास चार हजार विषयांचे लेख जोडीजोडीने तपासले. अमेरिकी काँग्रेसमध्ये डेमोक्रॅट सदस्य कोणते शब्दप्रयोग जास्त करतात आणि रिपब्लिकन कोणते, यावरून त्यांनी लेखांचा कल मोजला. विकिपीडियाचे लेख ब्रिटानिकापेक्षा अधिक कललेले, आणि डेमोक्रॅट बाजूला अधिक झुकलेले आढळले. मात्र ज्या लेखांवर जास्त संपादने झाली होती त्यांत हा फरक कमी होत गेला. म्हणजे गर्दीने तटस्थता येते, पण गर्दी मिसळलेली असावी लागते. संपादनेच्छुक यांचा कन्नड भाषकाचा मुद्दा इथे चपखल बसतो.

विश्वकोशप्रेमी

मला हा गर्दीचा सिद्धांत तितकासा मानवत नाही. महाराष्ट्राला कोशांची मोठी परंपरा आहे आणि तिथे तटस्थता आली ती जबाबदारीतून. मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले, पहिला खंड १९७६ साली निघाला. नोंद लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा, अशी ती व्यवस्था होती. चूक निघाली तर कोणाला विचारायचे हे ठाऊक असते. टोपणनावाने लिहिणाऱ्या संपादकाला कोण विचारणार?

त्याआधीचे केतकरांचे उदाहरण तर अजून बोलके आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांची जातिव्यवस्थेवर, राष्ट्रवादावर ठाम आणि पुष्कळदा वादग्रस्त मते होती, आणि आपल्या ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडांत त्यांनी ती लपवलीही नाहीत. वाचक ती मते बाजूला ठेवून माहिती घेऊ शकतो, कारण ती मते समोर मांडलेली आहेत. नावाशिवाय, चेहऱ्याशिवाय आलेला 'निष्पक्ष' परिच्छेद मला अधिक धोकादायक वाटतो.

संपादनेच्छुक

विश्वकोशप्रेमी, विश्वकोशाबद्दल आदर आहेच. पण तो शासनाच्या पैशावर चालतो, आणि सीमाप्रश्नात महाराष्ट्र शासन स्वतः वादी आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा त्यांचाच आहे. उद्या कर्नाटक शासनाने काढलेल्या कोशातली बेळगावची नोंद तुम्ही तटस्थ म्हणून स्वीकाराल का?

राहिला टोपणनावाचा मुद्दा. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ साली विकिमीडिया फाउंडेशनवर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला, तेव्हा त्यात संपादकांची ओळख उघड करण्याचीही मागणी होती. त्या खटल्याविषयीचा लेखच काढून टाकण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला. इकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिपीडियाला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्या मजकुराविषयी माझे मत इथे महत्त्वाचे नाही. पण ज्याला खऱ्या नावाने लिहायचे आहे त्याने वादग्रस्त विषय टाळलेच, तर त्याला दोष देता येईल का?

विश्वकोशप्रेमी

शासन वादी आहे, हा मुद्दा वजनदार आहे. तरी महाराजांच्या बाबतीत वाटेल त्याने वाटेल ते लिहावे आणि नामानिराळे राहावे, हे मला मान्य होणार नाही. लिहिण्याचे स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांची फारकत करता येत नाही.

नियामक

महाराजांवरील लेखाची चर्चा इथेच थांबवावी ही विनंती. धागा सीमाप्रश्नाच्या संदर्भांचा आहे.

टेम्सकाठ

लंडनहून लिहितो आहे. ज्या बीबीसीचे नाव तटस्थतेसाठी घेतले जाते तिचा अनुभव इथे उपयोगी पडेल. १९८२ च्या फॉकलंड युद्धात बीबीसीने 'आपले सैन्य' न म्हणता 'ब्रिटिश सैन्य' म्हणण्याचे ठरवले, तेव्हा थॅचरबाई आणि त्यांचा पक्ष प्रचंड संतापला होता. याउलट १९२६ च्या सार्वत्रिक संपात बीबीसीचे प्रमुख रीथ यांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांचे तडजोडीचे आवाहन लगेच प्रसारित होऊ दिले नाही, आणि आपण खरोखर निष्पक्ष राहणार नाही याची सरकारला खात्री आहे, असे स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवले. संस्था तीच, शत्रू परका असताना जे धैर्य दाखवले ते घरचा संप असताना दाखवता आले नाही.

आणखी एक. हवामानबदलावर प्रत्येक शास्त्रज्ञासमोर एक विरोधक बसवण्याची बीबीसीची पद्धत पुढे तिलाच अडचणीची ठरली. २०११ साली स्टीव्ह जोन्स यांनी बीबीसीच्या विज्ञानवार्तांकनाचा आढावा घेऊन या खोट्या समतोलावर टीका केली. तेव्हा वाचनालयवाले, दोन्ही बाजूंना समसमान ओळी देणे म्हणजे तटस्थता, असे समजून पत्रक मोजपट्टीने आखू नका. जिथे वस्तुस्थिती ठरलेली आहे तिथे ती सरळ सांगावी.

निपाणीकर

टेम्सकाठ यांचे हे म्हणणे मला आवडले. १९५६ पूर्वी आम्ही मुंबई राज्यात होतो, ही 'महाराष्ट्राची भूमिका' नाही, ती वस्तुस्थिती आहे. तिला 'असा दावा आहे' ही शेपटी लावू नये.

शहापूरची

बरोबर. आणि मग त्याच न्यायाने सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचा आहे, हीसुद्धा वस्तुस्थितीच म्हणून यावी. कर्नाटक त्यावर बोट ठेवते म्हणून ती 'कर्नाटकाची भूमिका' ठरत नाही.

मडगांवचो

महाराष्ट्र मागत असलेल्या गावांच्या संख्येचे काय करणार? कोठे ८१४ वाचतो, कोठे ८६५.

आकडेमोड

८१४ ही आयोगासमोरच्या मागणीची संख्या म्हणून येते. ८६५ ही महाराष्ट्र विधिमंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी एकमताने केलेल्या ठरावात आहे. त्याच्या काही दिवस आधी कर्नाटक विधानसभेने एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव, तोही एकमताने, केला होता. दोन्ही सभागृहांत सत्ताधारी आणि विरोधक यांत या विषयावर काडीचाही मतभेद नव्हता, म्हणून मला वाटते की पक्षीय कल मोजणारी कोणतीही फूटपट्टी इथे शून्यच दाखवील. इथला कल पक्षाचा नाही, प्रांताचा आहे, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या अंगी आहे.

वाचनालयवाला

सर्वांचे आभार. चर्चेवरून महाजन आयोगाचा परिच्छेद असा केला आहे, पाहावा :

"सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर केंद्र सरकारने ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये आलेल्या अहवालात निपाणी, खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्राला, आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट व जत भागांतील २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, तसेच बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवावे, अशी शिफारस होती. कर्नाटकाने अहवाल मान्य केला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही तत्त्वे सर्वत्र सारखी लावली गेली नाहीत, असे म्हणून महाराष्ट्राने तो नाकारला. अहवालाची अंमलबजावणी झाली नाही. महाराष्ट्राने २००४ साली घटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला."

निपाणीकर आणि शहापूरच्या ताई, दोघांनी तपासून सांगावे.

शहापूरची

माझी हरकत नाही. फक्त 'म्हैसूर' आणि 'कर्नाटक' यांची सरमिसळ झाली आहे. राज्याचे नाव १९७३ साली बदलले, हे कंसात घाला, नाहीतर मुले परीक्षेत गोंधळतील. आमच्या ऑफिसातल्या बाईंना तोंडी अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधाचा, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीचा उल्लेख का नाही? २०१२ पासून ती इमारत उभी आहे, तिथे अधिवेशने होतात.

निपाणीकर

तो उल्लेख करणार असाल तर १७ जानेवारीचा हुतात्मा दिनही आला पाहिजे. १९५६ साली सीमा आंदोलनात माणसे गेली आहेत.

वाचनालयवाला

दोन्ही घेतो. पत्रक आता पाच पानांचे होईल, छपाईचा जादा खर्च कार्यकारिणीला मी समजावतो.

शंकेखोर

कार्यकारिणीत दोन्ही बाजूंचे लोक आहेत ना, एवढे आधी पाहून घ्या.